मित्राची जागा : समलिंगी प्रेमाच्या मराठी कथनांविषयी

मराठी प्रणयकादंबरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कोल्हापूर ओलांडून पुढे जाता येत नाही. प्रा. ना. सी. फडके ह्यांनी येथील राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केले आणि त्या वास्तव्यात आपल्या अनेक लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. कथातंत्राची चिकित्सा करणारा त्यांचा ‘प्रतिभासाधन’ (१९३१) हा ग्रंथही त्याच काळातील होय. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरास आले ते कायमचे. ज्ञानपीठ पारितोषिकाने पुढे गौरविली गेलेली ‘ययाति’ (१९५९) ही त्यांची कोल्हापुरातील वास्तव्याच्या काळातीलच कादंबरी. कला आणि जीवन ह्यांच्या नात्याविषयी ह्या दोघांची मते किती भिन्न होती हे सर्वश्रुत आहे. तथापि प्रेमकथेचा जो साचा त्यांच्या व त्यांच्या अनुयायांच्या लेखनातून मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला, त्याची घडण पुष्कळशी एकच आहे. एक तरुण, एक तरुणी, त्यांच्या आड येणारे एखादे कुल, ध्येय वा गैरसमज, आणि ह्या सर्वांच्या कडेला उभा असलेला एक मित्र. निरोप पोचवावा, रुसवा काढावा, प्रसंगी स्वतःच्या मनातील ओढ गिळून दोघांचे मीलन घडवून आणावे, एवढेच त्याचे काम. कादंबरी संपते तेव्हा त्याची आठवणही कोणास राहत नाही.

प्रेम जेव्हा दोन पुरुषांचे वा दोन स्त्रियांचे असते तेव्हा ह्या साच्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा प्रेमाची मराठी कथने संख्येने थोडी आहेत, परंतु ती एकापुढे एक ठेवून वाचली असता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. तेथे मित्र कडेला उभा राहत नाही. कुटुंब, जात आणि कायदा ह्यांनी ज्या प्रेमाला जागा नाकारली, त्याला जागा द्यावयाची की नाही हे ठरविण्याचे काम त्याच्याकडे येते, आणि कथेचा शेवट पुष्कळ वेळा त्याच्या वागण्यावर अवलंबून राहतो.

परिभाषेविषयी प्रथम दोन शब्द. ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ ही दोन्ही विशेषणे मराठीत रूढ आहेत. अलीकडे ‘क्विअर’ हा इंग्रजी शब्दही मराठी लेखनात तसाच वापरला जातो. स्त्रीपुरुषांच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या सर्वच आकर्षणांना व देहभानांना तो कवेत घेतो, ही त्याची सोय आहे आणि धोकाही तोच आहे. कोल्हापूरच्या परिसरात हा धोका अधिक जाणवतो, कारण स्त्रीवेषातील पुरुष हे दृश्य ह्या भूमीला नवे नाही. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविणारे केशवराव भोसले कोल्हापूरचे. १९२१ मध्ये मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये ते धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन पुरुषांनी रंगविलेला तो प्रणय पाहण्यास लोटलेल्या प्रेक्षकांना त्यात वावगे काही वाटले नाही, कारण तो नाट्यसंकेत होता. संकेताचा काळ सरल्यावर मागे राहिलेल्या एका सामान्य स्त्रीपार्टी नटाची केविलवाणी स्वप्ने सतीश आळेकर ह्यांनी ‘बेगम बर्वे’ (१९७९) ह्या नाटकात रंगविली. कागलच्या आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील गुणा हा तमाशाच्या ओढीने नाच्याचे काम पत्करतो आणि त्यापायी गावाची हेटाळणी व हिंसा सोसतो. गडहिंग्लज परिसरातून आलेले राजन गवस ह्यांनी ‘भंडारभोग’मध्ये देवीला सोडल्यामुळे लुगडे नेसावे लागलेल्या जोगत्याची, तर ‘चौंडकं’मध्ये जोगतिणीची व्यथा मांडली. ह्या कादंबऱ्यांच्या आधारे राजीव पाटील ह्यांनी ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट केला. ह्या साऱ्या कृती मोलाच्या आहेत, परंतु त्यांचा मुख्य विषय कलेची ओढ, उपजीविका आणि धार्मिक सक्ती हा आहे. ‘जोगवा’तील तायप्पाचे प्रेम तर सुली ह्या स्त्रीवर आहे. वेषावरून प्रेमाचा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय जोगत्यांच्या जीवनातील सक्तीवर त्यामुळे पांघरूण पडते. म्हणून त्या कृतींचा विचार येथे एवढ्यावरच थांबविणे इष्ट.

समलिंगी प्रेम हाच ज्याचा गाभा आहे असे मराठीतील पहिले ठळक नाटक कोल्हापुरातच जन्मलेल्या लेखकाने लिहिले, हा योगायोग म्हणावा. विजय तेंडुलकरांचा जन्म १९२८ चा, कोल्हापूरचा. त्यांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विनय आपटे ह्यांचे होते व नायिकेची भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांनी केली. नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व, स्थळ पुणे, वातावरण महाविद्यालयाचे. सुमित्रा देव ही धीट, मोकळी, मुलांच्या बरोबरीने वावरणारी विद्यार्थिनी. सर्व तिला ‘मित्रा’ म्हणतात. बापू हा बुजरा विद्यार्थी प्रथम तिच्याकडे आकृष्ट होतो आणि लवकरच तिचा विश्वासू सोबती बनतो. पुरुषाविषयी आपल्याला ओढ वाटत नाही, हे सत्य तिने एकदा आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत जाऊन ओळखलेले आहे, आणि ते ती बापूला सांगते. महाविद्यालयाच्या नाटकात मित्राला पुरुषाची भूमिका मिळते, नमा देशमुख ही तिची नायिका असते, आणि तेथून मित्रा नमाच्या प्रेमात पडते. केशवराव आणि बालगंधर्व ह्यांच्या पिढीत जो संकेत पुरुषांना सुरक्षितपणे वापरता आला, तोच उलट दिशेने वापरताच एका मुलीच्या आयुष्यात वादळ उठते. तेंडुलकरांनी हे साम्य मनात योजले असो वा नसो, मराठी रंगभूमीचा इतिहास जाणणाऱ्या वाचकास ते जाणवल्यावाचून राहत नाही.

ह्या नाटकाचे शीर्षक थांबून पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘मित्र’ ह्या पुल्लिंगी नामाचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असे होते, आणि ‘मित्रा’ ह्या स्त्रीच्या नावाचे रूपही ‘मित्राची’ असेच होते. म्हणजे ‘मित्राची गोष्ट’ ही मित्रा नावाच्या मुलीची कहाणी आहे, आणि त्याच अक्षरांत ती एका मित्राची, बापूची, कहाणी आहे. इंग्रजी भाषांतराला (२००१) हे दोन्ही अर्थ एका शीर्षकात ठेवता आले नाहीत. तेथे मित्राचा अर्थ घ्यावा लागला आणि मुलीचे नाव गळाले. संस्कृतात सख्याच्या अर्थी ‘मित्र’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि सूर्यवाचक ‘मित्र’ तेवढा पुल्लिंगी, हे व्याकरणाच्या अभ्यासकास ठाऊक असते. मराठीने त्या शब्दाला पुरुष केले आणि स्त्रीसाठी ‘मैत्रीण’ घडविली. तेंडुलकरांची नायिका ह्या दोहोंच्या मधली, जणू जुन्या नपुंसकलिंगाच्या आठवणीतील, जागा पटकावते.

शीर्षकातील ही द्व्यर्थता शोभेपुरती नाही, कारण कथन बापूच्या मुखाने होते. मित्राचे प्रेम प्रेक्षकाला दिसते ते बापूच्या नजरेतून, त्याच्या संकोचातून, त्याच्या चांगुलपणातून आणि त्याच्या भित्रेपणातून. तो तिला ऐकून घेतो, नमाशी भेटण्याकरिता आपली खोली देतो, नमावर हक्क सांगणाऱ्या दळवीचा दांडगेपणा सोसतो. फडक्यांच्या कादंबरीतील साहाय्यक मित्राची सर्व कामे तो करतो. परंतु त्या कादंबरीत मित्राच्या मागे समाजाची एक न बोललेली संमती असते. तरुण-तरुणी अखेर लग्न करणारच असतात. बापूच्या मागे तशी कसलीही संमती नाही. नमाला कलकत्त्याला धाडण्यात येते, मित्राची नाचक्की होते, महाविद्यालयाची दारे बंद होतात. अखेर बापूही तिच्यापासून दुरावतो आणि मित्रा जीव देते. बापू दुष्ट नाही. उलट नाटकातील सर्वांत सज्जन मनुष्य तोच आहे. सज्जनाचे धैर्य नेमक्या कोणत्या क्षणी संपते हे तेंडुलकर दाखवितात, आणि नाटकाचा खरा डंख तेथे आहे. मित्रा मरते ती तिच्या प्रेमाच्या स्वरूपामुळे, असे म्हणणारा प्रेक्षक नाटक अर्धेच पाहतो.

तरीही एक आक्षेप उरतोच. समलिंगी प्रेमाची पहिली ठळक नायिका मराठीत आली ती मरण्यासाठी आली. ज्या मुलीने १९८१ मध्ये रंगमंचावर प्रथमच आपल्यासारखे कोणी पाहिले असेल तिने त्या संध्याकाळी काय घेऊन घरी जावे? हा प्रश्न नाटककाराला विचारणे अन्यायाचे होईल. शोकात्मिका लिहिण्याचा त्याला अधिकार आहे. तो प्रश्न वाङ्मयव्यवहाराला विचारावा लागतो, कारण त्या नाटकानंतर दीर्घकाळ त्याच्या शेजारी ठेवण्यासारखी दुसरी, वेगळ्या शेवटाची कथा मराठीत सहज हाती लागत नव्हती. मित्राच्या कथेची ओढ मात्र ओसरली नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्रा’ ह्याच कथेवर रवी जाधव ह्यांनी केलेला लघुपट ‘बायोस्कोप’ (२०१५) ह्या चित्रपटात समाविष्ट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

शेवटाचा हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्याने तो फार आधी स्वतःशी मांडला होता, आणि त्याची वाट कोल्हापूरच्या राजघराण्याच्या अंगणावरून गेली आहे. फॉर्स्टर १९१२–१३ मध्ये प्रथम हिंदुस्थानात आला व देवासला गेला. देवास थोरली पाती हे पवारांचे मराठा संस्थान. तेथील तुकोजीराव पवार हे राजर्षी शाहू छत्रपतींचे जामात. १९२१ मध्ये फॉर्स्टरने ह्याच तुकोजीरावांचे खाजगी चिटणीसपद काही महिने सांभाळले आणि त्या दिवसांची हकीकत ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) ह्या पुस्तकात सांगितली. तुकोजीरावांचे पुत्र विक्रमसिंह हे १९४७ मध्ये शहाजी ह्या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. पहिल्या प्रवासातून परतल्यावर, १९१३–१४ मध्ये, फॉर्स्टरने ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली, आणि तिचा शेवट सुखाचाच करावयाचा असा त्याने निश्चय केला. पुढे जोडलेल्या टिपणात त्याने नमूद केले आहे की ग्रंथ प्रसिद्ध होणे अवघड झाले ते ह्या सुखान्तामुळेच. नायकाला मरण वा शिक्षा दिली असती तर अडचण आली नसती. इंग्लंडमधील कायदा १९६७ मध्ये सैल झाला, फॉर्स्टर १९७० मध्ये वारला, आणि कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. हस्तलिखित मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ विश्वासू मित्रांच्या हातांतून फिरत राहिले होते. मित्र ही येथे कथेतील भूमिका राहिली नाही. ग्रंथाला लाभलेला वाचकवर्गच मित्रांचा होता.

मराठीत प्रेमिक स्वतः बोलला, ह्याचे एक ठळक उदाहरण २००६ सालचे आहे. सचिन कुंडलकर ह्यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही लहानशी कादंबरी त्या वर्षी मौजेने काढली. पुण्यातील जोश्यांच्या घरात वरच्या खोलीत एक तरुण भाडेकरू येतो. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा ही दोघेही, एकमेकांच्या नकळत, त्याच्यावर प्रेम करू लागतात. तो अनुजाला घेऊन निघून जातो, पुढे तिलाही सोडून जातो. कादंबरीचा पूर्वार्ध तनयच्या तोंडी आहे व उत्तरार्ध अनुजाच्या दैनंदिनीचा. त्या तरुणाला संपूर्ण ग्रंथात नाव नाही. दोघांच्या दुःखाचा विषय एक, घर एक, भिंत एक, आणि तरीही ती दोन दुःखे एकमेकांशी बोलत नाहीत. अनुजाचे दुःख घराला ठाऊक आहे. तिच्यावर रागावता येते, तिला वैद्याकडे नेता येते, तिचे पुढे काय करावे ह्याची चर्चा करता येते. तनयने काही गमावले आहे ह्याची घराला वार्ताच नाही. जे होते म्हणून कोणी पाहिले नाही, ते गेले म्हणून रडावे कसे? ‘मित्राची गोष्ट’मध्ये प्रेमाला साक्षी होता, भित्रा का होईना. येथे साक्षीची ती जागा रिकामी आहे आणि वाचकाला ती भरावी लागते.

ह्या कादंबरीच्या पूर्वार्धातील निवेदन ‘तू’ला उद्देशून आहे, आणि येथे मराठी भाषेचा एक विशेष कामास येतो. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे लिंग लपू देत नाही. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. ‘तू आलास’, ‘तू आलीस’. इंग्रजी लेखकाला दोन प्रेमिकांतील संबोधन पानेच्या पाने संदिग्ध ठेवता येते. मराठी लेखकाला ती मुभा नाही. पहिले भूतकाळी क्रियापद उमटताच बोलणारा पुरुष आहे आणि ज्याच्याशी तो बोलतो तोही पुरुषच आहे, हे उघड होते. जेरी पिंटो ह्यांच्या इंग्रजी भाषांतरात (२०१३) ह्या बारकाव्याचे ओझे भाषेऐवजी प्रसंगांना वाहावे लागले असणार, हे व्याकरणावरूनच सिद्ध आहे. ह्याला एकच गोड अपवाद आहे. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ ह्या वाक्यात क्रियापद ‘प्रेम’ ह्या नपुंसकलिंगी कर्त्याशी जुळते, म्हणून कोणी कोणास म्हटले हे त्यावरून कळत नाही. मराठीतील प्रेमाची सर्वांत साधी कबुली ही अशा रीतीने सर्वांना सारखीच मोकळी आहे. अडचण सुरू होते ती त्या कबुलीनंतरच्या वाक्यापासून.

‘कोबाल्ट ब्लू’वर खुद्द कुंडलकरांचा चित्रपट २०२२ मध्ये आला, परंतु त्याचे स्थळ पुण्याहून कोचीला गेले आणि भाषा मराठी उरली नाही. चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. इतकेच की वर सांगितलेला व्याकरणाचा पेच त्यातून आपोआप नाहीसा झाला.

नात्याला नाव कोणते द्यावे हा ह्या कथांतील दुसरा पेच, आणि त्याचा मागोवा एका उसन्या शब्दावरून घेता येतो. व. पु. काळे ह्यांच्या ‘पार्टनर’ ह्या अतिशय लोकप्रिय कादंबरीत ‘पार्टनर’ म्हणजे मित्र. नायकाचा तो सखा ह्याच नावाने ओळखला जातो. पुढे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत बिंदुमाधव खिरे ह्यांनी समलिंगी तरुणाच्या आयुष्यावर लिहिलेल्या कादंबरीचे नावही ‘पार्टनर’च आहे. येथे त्या शब्दाचा अर्थ जीवनाचा जोडीदार असा होतो. एकाच इंग्रजी शब्दाने मराठीत मित्रापासून सहचरापर्यंतचे अंतर एका पिढीत कापले. खिरे हे पुण्यातील ‘समपथिक’ ह्या २००२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे कार्यकर्ते, आणि त्यांच्या लेखनाचा प्रबोधनाचा हेतू लपत नाही. केवळ कलादृष्टीने पाहणारा टीकाकार त्याबद्दल नाक मुरडील. पण एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तरुणाला आपल्या मनाची साधी माहिती आपल्या भाषेत मिळण्याची सोय जेथे नव्हती, तेथे कादंबरीने पाठ्यपुस्तकाचेही काम पत्करले तर त्यात कमीपणा कसला? हरिभाऊंच्या कादंबऱ्यांनी विधवांच्या बाबतीत ह्याहून निराळे काय केले होते?

ह्या सर्व कृतींची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मराठे, जोशी, देव, देशमुख ही पात्रांची आडनावेच पुरेशी बोलकी आहेत. पुण्याचे महाविद्यालय, पुण्याचा वाडा, पुण्याची वरची खोली. खोलीला दार आणि दाराला कडी असणे ही ह्या प्रेमकथांची अनुच्चारित अट आहे. मुंबईतील चाळीत वा खेड्यातील दोन खणी घरात ती अट पुरी होत नाही. पुणे विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेले आर. राज राव ह्यांनी ‘द बॉयफ्रेंड’ (२००३) ह्या आपल्या इंग्रजी कादंबरीत ही अट मोडली. तिचा मध्यमवर्गीय नायक आणि मिलिंद हा दलित तरुण ह्यांची गाठ मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर पडते. जात, पैसा आणि इंग्रजी भाषा ही तिन्ही त्यांच्या प्रेमात शेवटपर्यंत लुडबुड करीत राहतात, आणि मिलिंदचे रीतसर लग्न होते. प्रेम जात विसरायला लावते ही आपल्या प्रणयकादंबरीची लाडकी समजूत. ह्या कादंबरीने ती थट्टेवारी नेली. मराठी मुलुखाची ही कथा मराठीत लिहिली गेली नाही, ह्याची खंत मात्र वाटण्यासारखी आहे.

येथवर उल्लेखिलेल्या बहुतेक कृती ज्या काळात निर्माण झाल्या त्या काळी भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम अमलात होते. १८६० च्या त्या कायद्याने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना दहा वर्षांपर्यंत कारावासाची वा जन्मठेपेची शिक्षा सांगितली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमत संबंधांपुरते ते रद्द ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून कायमचे वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहास मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. वाङ्मयाच्या दृष्टीने ह्या दोन निकालांचा अर्थ निरनिराळा आहे. पहिल्याने नायकाच्या मानेवरील दोर काढला. दुसऱ्याने त्याला मांडवाबाहेरच ठेवले. प्रणयकादंबरीचा शेवट शतकभर अक्षतांनी होत आला आहे. ज्या प्रेमिकांना अक्षता उपलब्ध नाहीत त्यांच्या कथेला लेखकाने थांबवावे कोठे, हा निव्वळ तंत्राचा प्रश्न म्हणूनही अवघड आहे. फडक्यांच्या तंत्रविवेचनाच्या काळी तो कोणाच्या स्वप्नातही आला नसता.

त्याचे एक उत्तर अलीकडे मिळाले, तेही कादंबरीऐवजी चित्रपटात. रोहन कानवडे ह्यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला गेला आणि जागतिक कथाचित्रांच्या विभागातील सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक त्याला मिळाले. त्या महोत्सवात प्रथम झळकलेला हा पहिला मराठी कथापट. त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारतात प्रदर्शित झाला. कथा अगदी साधी आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनामुळे आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, पायांत चपला नाहीत, खाण्यापिण्यावर निर्बंध, आणि ज्याला त्याला एकच चौकशी : लग्न कधी? ह्या दिवसांत त्याची गाठ बाळ्या ह्या बालपणीच्या सवंगड्याशी पडते. बाळ्या शेतकरी, त्याच्याही लग्नाची घाई घरात चालू आहे. शेरडांमागे हिंडताना, झाडाखाली पडून राहताना जुना स्नेह हळूहळू प्रेमाचे रूप घेतो. निवडुंगाची काटे काढलेली लालबुंद बोंडे एकाने दुसऱ्यासाठी आणावीत, ह्याहून मोठे प्रणयदृश्य येथे नाही, आणि हवेही नाही.

ह्या कथेत मित्र कोठे आहे? तो निवेदकाच्या जागी उभा नाही आणि साक्षीदाराच्या जागीही नाही. मित्रच प्रियकर झाला आहे. बापूची रिकामी झालेली जागा आईने घेतली आहे. मुलाचे मन तिला ठाऊक आहे. ती त्याची बाजू भाषणे करून मांडत नाही, भाऊबंदांना वेळ मारून नेणारी उत्तरे देते आणि मुलाला थोडी उसंत मिळवून देते. बंद दाराची अटही येथे गळून पडते, कारण रानाला दार नसते आणि दोन पुरुष एकत्र हिंडताना पाहून गाव चकित होत नाही. खेड्यातील सवंगडेपणाला जी मोकळीक परंपरेने आहे, तिच्याच आडोशाला हे प्रेम वाढते. पुण्यामुंबईकडे आधुनिक मोकळेपणा आणि खेड्याकडे जुना जाच, ही सोपी वाटणी हा चित्रपट मानीत नाही; जाच दोन्हीकडे आहे, आणि आडोसाही. शेवटी कोणी मरत नाही. ज्याच्या मरणाने कथा सुरू झाली तो बाप तेवढा गेलेला असतो, आणि सुतक फिटल्यावर जिवंत माणसांनी पुढे कसे राहावे ह्याचाच विचार कथेत उरतो. अक्षतांच्या जागी दहावे येते, आणि ही योजना प्रथमदर्शनी विचित्र वाटली तरी मराठी घरात सर्व नातेवाईक ज्या दोनच प्रसंगी जमतात त्यांपैकी तो एक आहे.

दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या बाबतीत असे उत्तर मराठीने अद्याप तितक्या ठसठशीतपणे दिलेले नाही. मित्राची बहीण शोभेल अशी, पण जगणारी, नायिका यावयाची आहे. ती यावयाची असल्यास तिने कोल्हापूरची बोली घेऊन यावे, असे सुचविण्यास भाषाशास्त्रीय कारण आहे. प्रमाण मराठीत ‘मी आले’, ‘मी जाते’ असे म्हणणारी मुलगी पंचगंगेच्या काठी सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणते, आणि त्यात पुरुषी आव काहीही नसतो; घरच्या आयाबायाही तशाच बोलतात. परगावचे लोक त्याची थट्टा करतात, आणि शाळेतील बाई वहीत लाल शाईने ते दुरुस्त करतात. पण ज्या मराठी क्रियापदाने तनयला क्षणभरही लपू दिले नाही, तेच क्रियापद ह्या बोलीत प्रथमपुरुषापुरते स्त्री-पुरुष हा भेद बाजूला ठेवते. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य रंकाळ्याच्या कट्ट्यावर कानी पडले, तर पाठमोऱ्या बसलेल्या दोघांपैकी बोलणारे कोण, हे मान वळवून पाहिल्यावाचून सांगता यावयाचे नाही.